आयोजकाचा रकाना

भिवंडीजवळच्या काल्हेरमध्ये आमच्या इमारतीत भागीबाय लिफ्टमध्ये शिरली, की आतल्या माणसाला आधी कुठली विंग ते विचारायची आणि मग त्याच्या घराखाली पूर्वी काय पिकत होतं ते सांगायची. "सी विंग? तुजी जागा बरी हाय. तितं वाल लावायची मी. डी विंगखाली खाचर व्हतं, पानी साचायचं." नव्याने राहायला आलेली बँकेतली जोडपी गोंधळून हसत आणि आपला मजला येण्याची वाट बघत. बिल्डरने आमच्या संकुलाला कुठल्याशा परदेशी बागेचं नाव दिलं आहे. ते नाव तिच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही. ती सरळ 'आमचं शेत' म्हणायची. मी इथे राहायला आले त्याच आठवड्यात, मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असताना, ती उघड्या दारातून आत आली, ओट्यापाशी थांबून फरशीकडे बघत म्हणाली, "हितं माजी मिरची व्हती. तुज्या हातची भाजी तिखट व्हनार बग, बाई."

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे हे कळल्यावर तिने मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली. 'बाई' म्हणायची आणि 'तू'ही म्हणायची. मी तिला शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिले. पण लिहायला बसले की ती 'ती'च येते.

ईशान, तन्वी, तुम्ही तिला पाहिलेलं नाही आणि आता पाहणार नाही. आजीचा पासपोर्ट अडकलाय, म्हणून ती यंदा उन्हाळ्यात आपल्याकडे येत नाही, असं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे. त्यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच आहे. एका कागदावर सही केली असती तर पासपोर्ट सुटला असता आणि मी तुमच्याकडे आले असते. ती सही मी केली नाही. का केली नाही, हे सांगायचं तर आधी भागीबाय सांगायला हवी.

आमची दोघींची मैत्री गुडघ्यांमुळे झाली. तिचे शेतात वाकून गेलेले, माझे वर्गात उभं राहून. कुणीतरी सांगितलं, की अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात थंडीचे चार दिवस पाय सोडून बसा. आम्ही तिथे एक खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंडावरून उठून मागच्या रानाकडे चालू लागली, मी तिच्या मागे. झाडीत धूर दिसत होता. पुढे गेलो तर एका मोकळ्या जागेत तीस-चाळीस माणसं. काही जटा वाढवलेली मुलं, घोळदार कपड्यातल्या मुली, दोन-तीन गोरी माणसं, शेजारच्या पाड्यावरची काही मंडळी आणि भिवंडीतले चार-पाच लूम कामगार. कुणी बासरी वाजवत होतं, कुणी नुसतंच आडवं पडलं होतं. मधे चुलीवर एक मोठा टोप आणि त्यात करपलेला भात.

मला वाटलं होतं, आपण गुपचूप मागे फिरावं. भागीबायने टोपात डोकावून पाहिलं आणि तिथल्या सगळ्यात लांब जटांच्या मुलाला विचारलं, "ह्यो कोनी केला?"

"सगळ्यांनी मिळून केला, आजी."

"म्हनून असा झाला. सरक."

त्या दिवसापासून तो टोप तिचा झाला. त्या जटावाल्याचं नाव निनाद. पुण्यात त्याची चांगली नोकरी होती, ती त्याने सोडली होती. भागीबाय त्याला 'म्हादेव' म्हणायची. त्यानेच आम्हाला त्या बैठकीची रीत सांगितली. पौष पौर्णिमेच्या आसपास पाच दिवस लोक त्या रानात येतात. व्यासपीठ नाही, माइक नाही, बॅनर नाही, दारू नाही, खरेदी-विक्री नाही. कुणाचं आडनाव, गाव, धर्म विचारायचा नाही. पौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत सगळ्यांनी गोल करून मुकाट बसायचं, जगात शांती असावी म्हणून. मग सगळ्यांनी एकदम जेवायचं. आणि या सगळ्याचा प्रमुख कुणी नाही. मी निनादला तीनदा विचारलं, "पण जबाबदार कोण?" तो तीनदा म्हणाला, "सगळे." शाळेत 'सगळे' हे उत्तर देणाऱ्या वर्गाला मी बाकावर उभं केलं असतं.

भागीबायला मात्र यात नवल वाटलं नाही. "लग्नात मांडव कोन घालतं? गाव घालतं. कोन प्रमुख असतो?" पण ती भाबडी नव्हती. त्याच वर्षी एका मुलाच्या पिशवीत तिला गांजाची पुडी दिसली. तिने ती त्याच्यादेखत चुलीत घातली नाही ("सगल्यांना चढंल"), तानसा नदीत सोडली आणि त्याला उरलेले सगळे दिवस भांडी घासायला बसवलं. "धूर पायजेल ना? मंग माज्या चुलीपाशी बस. लय हाय."

लूमवर काम करणारा रफिक तिथे दरवर्षी यायचा. पन्नाशीचा, बुटका, मेंदी लावलेली दाढी. त्याच्याशी जरा मोठ्यानेच बोलावं लागे. एकदा मी त्याला विचारलं, की सुट्टी घेऊन गावी जायचं सोडून तुम्ही इथे का येता? तो म्हणाला, "बाईजी, बारा-बारा घंटे की शिफ्ट में खटखट सुनता हूँ। यहाँ आकर कान धुल जाते हैं।" भागीबाय वाढताना त्याच्या ताटात सगळ्यात आधी वाढायची. का, ते मला पुढे कळलं.

दोन वर्षं सगळं सुरळीत गेलं. मला ती अव्यवस्था सोसत नव्हती, पण मी जात राहिले. तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्या जागेचं चित्रीकरण करून मोबाइलवर पसरवलं. जटा, गोरी माणसं, रान, धूर. बघणाऱ्यांनी उरलेलं मनाने भरलं. जवळच्या गावातल्या एका पुढाऱ्याने तक्रार केली आणि जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश निघाला, त्यात आमचं रानही आलं.

मी म्हटलं, यात अवघड काय आहे, रीतसर परवानगी काढू. मी अर्जाचा नमुना मिळवला, छान अक्षरात भरायला घेतला आणि तिसऱ्या रकान्यापाशी अडले. 'आयोजकाचे नाव व पत्ता'. भागीबाय समोर वाल सोलत बसली होती.

"रिकामा सोड," ती म्हणाली.

"रिकामा रकाना चालत नाही, भागीबाई. अर्ज परत येतो."

"मंग तुजं नाव घाल."

"मी आयोजक नाही."

"मी पन न्हाय. म्हादेव पन न्हाय. मंग खोटं कशाला लिवायचं? अर्ज नको."

"बिनापरवानगी बसलं तर गुन्हा होतो."

"बाई, जमिनीवर बसायला परवानगी? मी जल्मले तवा पन कोनाला इचारलं न्हाय."

अर्ज दिला नाही. ते मला इतकं टोचत राहिलं, की मी माझ्या परीने एक गोष्ट केली. रानात पोचल्यावर पहिल्याच दिवशी एक नवी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि प्रत्येकाकडे जाऊन कामाची वाटणी लिहून घेतली. नाव, राहणार कुठे, फोन, काम. निदान पाणी कोण आणणार, लाकडं कोण, लहान मुलांकडे कोण बघणार, हे तरी ठरलेलं असावं. पहिल्या पानावर मी मथळा दिला, 'मुख्य व्यवस्था', आणि खाली लिहिलं: स्वयंपाक प्रमुख, सौ. भागीरथी. नोंदणी प्रमुख, मी. पुढच्या पानांवर पाणी प्रमुख रफिक आणि बाकीचे. आयुष्यभर मी वर्गाचे मॉनिटर नेमत आले होते. निनाद हसून म्हणाला, "आजी, तुम्ही सरकार स्थापन केलंत." लोकांनी माझ्या वयाकडे बघून नावं दिली. भागीबाय तेवढी म्हणाली, "माजं नको लिवू." ती पाठमोरी असताना मी लिहिलं.

पौर्णिमेला अकराच्या सुमाराला पोलिसांच्या दोन जीप आणि एक मोठी निळी गाडी झाडीपाशी येऊन थांबली. आम्ही साठेक जण गोल करून बसलो होतो. बोलायचं नव्हतं. साहेब उतरले, मागे सात-आठ शिपाई. त्यांच्या हातात तोच अर्जाचा नमुना होता, कोरा.

"इथला आयोजक कोण आहे?"

कुणी बोललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. लोक मौन पाळतायत हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना तो उद्धटपणा वाटला. एका शिपायाने काठी जमिनीवर आपटली.

मुलांनो, वर्गात प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, तर माझा जीव वरखाली होतो. ती सवय त्या दिवशी नडली. मी उठले, वही घेऊन साहेबांपाशी गेले आणि माझ्या उत्तम इंग्रजीत म्हणाले, की येथे सर्व काही शिस्तीत चालू आहे, कृपया स्वतः पाहा. आणि वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पानं उलटली. मग ते हसले. "वा. आयोजक नाही म्हणता आणि इथे तर प्रमुखच प्रमुख आहेत. पत्त्यासकट."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी रफिककडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. एवढ्या अंतरावरून ते काय बोलले ते त्याला ऐकू गेलं नसणार, पण वही कुणाच्या हातात आहे ते दिसत होतं. पोलिसांत नाव गेलेल्या माणसाला त्याच्या शेठने दुसऱ्या दिवशी लूमवर उभं केलं नसतं.

भागीबायने मौन मोडलं. बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, बस."

"मी बसायला आलो नाही, आजी."

"मंग मी बोलनार न्हाय. उभ्या मानसाशी बोललं का मान दुकते माजी."

एक तरुण महिला शिपाई पुढे आली. "आजे, साहेबांना असं नको ना बोलू. ते चिडतात."

"उभा हाय म्हनून चिडतोय. तू कोनची ग?"

"कशेळीची."

"आमच्या बाजूच्या कशेलीची हाय आन हितं काठी घेऊन? बस तू पन."

ती मुलगी खरोखरच अर्धी वाकली आणि साहेबांकडे बघून पुन्हा सरळ झाली. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. साठ माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि एकही हलत नव्हतं. शेवटी ते एका आडव्या ओंडक्यावर टेकले. "पाच मिनिटं," ते म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं, की वरून आदेश आहे, त्यांना कागदावर एक नाव हवं आहे. "एक आयोजक द्या. तो ठाण्यात येईल, सही करील, बाकीचे घरी जातील. नाहीतर ही वही आहेच. यातले सगळे येतील."

"आयोजक न्हाय," भागीबाय म्हणाली.

"मग एवढे लोक आपोआप जमले?"

"शेतावर चिमन्या जमतात, त्यांना इचारतोस का, तुमचा आयोजक कोन?"

"चिमण्यांची वही नसते, आजी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दूध उतू जाऊ दिलेल्या सुनेकडे सासू बघते, तसं. मी म्हटलं, "साहेब, वही माझी. अक्षर माझं. मी येते."

"एकटी कुटं जातेस? तुला गाडी लागते," भागीबाय गुडघ्यावर हात ठेवून उठली. मग साहेबांना म्हणाली, "पयल्या पानावर आमी दोगीच हाव. ते पान फाड आन घे. आमी येतो. बाकीची पानं हितंच रहातील. न्हायतर ह्या सगल्यांना उचलून गाडीत घाल. एक पन सोता उटनार न्हाय. त्यात दोन गोऱ्या पोरी हायत, त्यांचा फोटो उद्या पेपरात."

साहेबांनी थोडा विचार केला. पुन्हा एकदा त्या गोलाकडे पाहिलं. मग पहिलं पान नीट फाडलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि वही ओंडक्यावर टाकली. "बारापर्यंत हे सगळे उठले पाहिजेत."

"उटतील की. सूर्य डोक्यावर आला का जेवायला उटतीलच."

आम्ही दोघी निळ्या गाडीत चढलो. मी मागे वळून पाहिलं, तर गोल तसाच होता. आमच्या दोन जागा मोकळ्या ठेवून ते बसले होते.

गाडीत मला रडू आलं. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की मी फक्त व्यवस्था लावत होते. तेव्हा तिने मला तिची जुनी गोष्ट सांगितली. हिंदू-मुसलमान दंगलीत भिवंडी पेटली होती, तेव्हाची. ती तेव्हा तरुण होती. लूम बंद पडले, माणसं खाडीच्या बाजूला पळाली आणि तिच्या शेतावरच्या मांगरात, म्हणजे शेतघरात, येऊन लपली. यातली आणि त्यातली, दोन्हीकडची. एकाच टोपातला भात ती दोघांनाही घालत होती आणि ती माणसं एकमेकांकडे न बघता जेवत होती. चौथ्या दिवशी गावातला एक शहाणा माणूस आला. भला माणूस, शिकलेला. म्हणाला, कोण कोण आहे त्यांची नावं लिहून देतो, सरकारकडून धान्य मिळेल. त्याने यादी केली.

"मंग?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

"मंग ती यादी त्याच्याकडंच न्हाय राह्यली. धान्य आलं न्हाय. दुसरीच मानसं आली, रॉकेल घेऊन. नावं वाचून हाका मारत व्हती." ती खिडकीबाहेर बघत होती. "दोगांना न्हेलं. त्यातला एक रफिकसारका बुटका व्हता. बाई, यादी चांगल्या मानसानं केली तरी ती चांगल्याच्या हातात रहात न्हाय."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आन एक सांगू? तू इंग्रजी बोललीस ना, का त्यांना वाटतं आपन घाबरलो."

ठाण्यात आम्हाला संध्याकाळी पाचपर्यंत बसवलं. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराने भागीबायला विचारलं, "सदर जमावाचं नेतृत्व कोण करत होतं?"

"उपाशी कोन व्हतं ते इचार. मी सांगते."

"आजी, नेतृत्व. पुढारी."

"पुडं मी व्हते. चूल पुडंच असते."

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. शेवटी आम्हा दोघींवर जमावबंदी मोडल्याचा गुन्हा नोंदवला गेला. तोवर माझ्या नावावर वाचनालयाचं उशिरा परत केलेलं पुस्तकसुद्धा नव्हतं.

दोन महिन्यांनी साहेबांनी आम्हाला बोलावलं. समोर दोन हमीपत्रं तयार होती. 'मी सदर बेकायदेशीर जमावाची आयोजक असून, यापुढे अशा कोणत्याही जमावाचे आयोजन करणार नाही अथवा त्यात सहभागी होणार नाही.' ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. सही करा, मी वर तसा अहवाल पाठवतो, विषय संपला. उगीच कोर्टाच्या तारखा नकोत." त्याच आठवड्यात मी पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज केला होता. गुन्हा प्रलंबित असला तर तो मिळत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी पेन काढलं होतं.

"वाच," भागीबाय म्हणाली. मी वाचलं.

"म्हंजे मी आयोजक व्हते, असं लिवून द्यायचं?"

"हो."

"आन रानात बसनार न्हाय असं?"

"हो."

तिने आपला कागद सरकवत साहेबांच्या बाजूला नेला. "दोन्ही खोटं हाय," ती म्हणाली. "पयलं खोटं हाय आन दुसरं व्हनार न्हाय."

मी सही केली नाही, पण नकारही दिला नाही. विचार करते म्हटलं, आणि कागद पिशवीत घालून घरी आणला. रिक्षात मला वाटत होतं, आता ही मला काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "तुजी नातवंडं हायत तिकडं. तू कर सही. मी काय राग धरनार न्हाय." आणि खरंच धरला नाही. दुसऱ्या दिवशी तिखटाची डाळ घेऊन आली. ती जर रागावली असती, तर मी त्याच दिवशी सही केली असती. पुढचे सगळे महिने तो कागद माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. तुमच्या बाबांचा फोन दर रविवारी यायचा आणि दर रविवारी ते विचारायचे, "आई, केलीस का सही?"

आश्विनात भागीबाय आजारी पडली. पोटात पाणी झालं होतं. रुग्णालयातून तिने स्वतःला घरी आणवून घेतलं. मी रोज दुपारी जाऊन बसायचे. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तिला फारसं बोलवत नव्हतं. मला जवळ बोलावून विचारलं, "टोपाला कल्हई केली का?" मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत. "कल्हईवाला मिलत न्हाय आताशा," ती म्हणाली. "लवकर शोद." मला वाटलं होतं, ती वहीबद्दल, हमीपत्राबद्दल काही बोलेल. तिने त्याचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती गेली. तिची सून मला सांगायला आली, तेव्हा मी तिच्या मिरचीच्या जागेवर उभी राहून चहा करत होते.

तिच्या दहाव्याला रफिक आला होता. बाहेर चपलांपाशीच उभा राहिला. मी त्याला आत बोलावलं, तर म्हणाला, "बाईजी, मौसी ने मेरा नाम नहीं दिया था। किसी को बताइएगा मत, लेकिन मैं उस दिन भाग जाना चाहता था।" मी म्हटलं, तुमचं नाव मी दिलं होतं. तो म्हणाला, "मालूम है।" आणि आत येऊन पंगतीत माझ्या शेजारी बसला.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला. एक आरोपी मयत, आता मी एकटीच. हमीपत्र दिलं तर महिनाअखेर सगळं मोकळं. मी खणातून तो कागद काढला आणि टेबलावर नीट सरळ केला. मग लाल शाईचं पेन घेतलं. 'जमावाची आयोजक' या शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'जमावात हजर'. 'बेकायदेशीर' खोडलं, 'अथवा'चं 'पण' केलं. 'सहभागी होणार नाही' यातला 'नाही' खोडून 'आहे' केलं. 'यापुढे'च्या पुढे कंसात 'येत्या पौष पौर्णिमेसह' असं लिहिलं. खाली पूर्ण नाव, पत्ता, तारीख घातली आणि सही केली. आयोजकाचे नाव असा एक रकाना खाली होताच. त्यात आडवी रेघ मारली, म्हणजे मागाहून कुणी काही भरू नये.

तो कागद मी स्वतः ठाण्यात नेऊन दिला. साहेबांनी दोनदा वाचला.

"मॅडम, याला हमीपत्र नाही म्हणत. हा कबुलीजबाब झाला."

"हो. कबूलच करते आहे."

"तुमच्या पासपोर्टचं काही होणार नाही मग. केस चालेल. दोन वर्षं, तीन वर्षं. तुमचं वय..."

"वय मी वर लिहिलं आहे."

मी म्हटलं, "मला पोच द्या." त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. मी बाकावर बसून राहिले. पंचवीस मिनिटांनी कारकुनाने माझ्या प्रतीवर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि आद्याक्षरी सही केली.

तेव्हा, ईशान आणि तन्वी, मी येणार नाही ते यामुळे. तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटतं आहे. तुमच्या शाळेचा कार्यक्रम मला बघायचा होता. तुमचे बाबा माझ्यावर चिडले आहेत आणि त्यांना चिडायचा हक्क आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. पण कुणी तुम्हाला कधी सांगितलं, की तुमच्या आजीने म्हातारपणी एक चूक केली, तर ती चूक कुठली ते त्यांना नीट सांगा. मी रानात बसले ती नव्हे. मी वही दिली ती.

पौष पौर्णिमेला अजून अकरा दिवस आहेत. कल्हईवाला कल्याणला सापडला, टोप काल परत आला. निनाद फोनवर विचारत होता, की या वर्षी स्वयंपाकाचं कोण बघणार. मी त्याला सांगितलं, ते मला माहीत नाही, तिथे गेल्यावर जो चुलीजवळ असेल तो बघेल. साहेबही येणार आहेत, तसं त्यांनी कळवलं आहे, यावेळी पाच गाड्या घेऊन.